ब्रास मोजला, कडा मोजला नाही: दगडखाणीच्या अटी पाळून घेण्याविषयी

प्रश्न असा आहे. जिल्हा खनिकर्म कार्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या एका अधिकाऱ्यांच्या क्षेत्रात सुमारे चाळीस दगडखाणी आहेत. जवळपास प्रत्येक पट्टेदाराकडे, म्हणजे खाणीसाठी सरकारकडून जमिनीचा पट्टा घेतलेल्या परवानाधारकाकडे, पर्यावरण मंजुरी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र आणि मंजूर खाणकाम आराखडा आहे. तरीही धूळ उडते, गावातील घरांना तडे जातात आणि कडे सरळसोट उभे आहेत. नोटिसा दिल्या, दंड वसूल केला, वाहने अडवली, पण आठवड्याभरात सगळे पूर्ववत होते. अशा वेळी परवानाधारकाकडून पर्यावरणाच्या आणि सुरक्षेच्या अटी प्रत्यक्षात पाळून घ्यायच्या कशा?

आपला प्रश्न वाचून मला माझ्या नोकरीची पहिली काही वर्षे आठवली, कारण तेव्हा मीही हेच तीन उपाय आलटून पालटून वापरत होतो. ते निष्फळ का ठरतात याचे कारण परवानाधारकाच्या मुजोरीत शोधण्याआधी आपल्या कार्यालयाच्या दप्तरात शोधावे, असे मी अनुभवाने सांगतो. महाराष्ट्रात गौण खनिजाचा, म्हणजे मुरूम, खडी, बांधकामाचा दगड अशा खनिजांचा, कारभार महसुलाच्या अंगाने वाढलेला आहे, त्यामुळे आपल्याकडे सर्वांत बारकाईने लिहिला जातो तो ब्रास, म्हणजे शंभर घनफूट किंवा सुमारे २.८३ घनमीटर. किती ब्रास काढले, किती ब्रासचे स्वामित्वधन (रॉयल्टी) भरले, किती ब्रासचे वाहतूक पास निघाले, हे आता राज्याच्या ऑनलाइन महाखनिज प्रणालीवर दिसते. खड्ड्याची ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) या सर्वेक्षण यंत्राने मोजणी होते आणि फरक आढळला की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) खाली बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो. हे सर्व आवश्यकच आहे. पण कड्याची उंची किती, हद्दीपासून खोदाई किती आत थांबली, सुरुंग कोणत्या वेळी उडाले, पाण्याचा फवारा चालू होता की बंद, यांपैकी काहीही आपल्या नोंदवहीत सहसा सापडत नाही. त्यामुळे सुरक्षेचा किंवा पर्यावरणाचा भंग हाती लागला तरी आपण त्याचे रूपांतर जादा उत्खननाच्या प्रकरणात करतो आणि परवानाधारक तो दंड धंद्याचा खर्च समजून भरून टाकतो. दंड भरून झाला तरी सरळ कडा तसाच उभा असतो आणि त्याच्या पायथ्याशी माणसे काम करत असतात.

म्हणून सुरुवात कड्यापासून करावी. मुरूम, खडी, बांधकामाचा दगड अशा खनिजांच्या उघड्या खाणींना १९५२ च्या खाण अधिनियमातील बहुतेक तरतुदींतून सूट होती, मात्र ती तीन अटींवर होती: खोदाईची खोली सर्वांत उंच बिंदूपासून सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत कोठेही ६ मीटरपेक्षा जास्त नसावी, कोणत्याही एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसे कामावर नसावीत आणि स्फोटके वापरली जाऊ नयेत. आता त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही सवलतीचा साचा हाच आहे. यांतील एक अट मोडली तरी सवलत संपते. काळा पाषाण सुरुंगाशिवाय काढणारा पट्टेदार विरळा, त्यामुळे आपल्या चाळीस खाणींपैकी बहुतेक खाणी धनबादला मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या कक्षेत येतात, असे गृहीत धरून चाला. ‘गौण’ हा शब्द खनिजाच्या वर्गवारीचा आहे, धोक्याच्या प्रमाणाचा नाही, हे पट्टेदारांना आणि कधी कधी आपल्याच सहकाऱ्यांनाही समजावून सांगावे लागते. पहिल्या महिन्यात एवढेच तपासावे की खाण सुरू केल्याची सूचना महासंचालनालयाला दिलेली आहे का, पात्र व्यवस्थापक नेमलेला आहे का, मेट (जागेवर देखरेख करणारा) आणि ब्लास्टर (सुरुंग उडवणारा) यांच्याकडे प्रमाणपत्र आहे का, आणि कागदावरचा व्यवस्थापक खाणीवर खरोखर येतो का. माझ्या अनुभवात शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त उघड करतो. मजुरांना व्यवस्थापकाचे नाव विचारा. ज्या खाणीवर कोणालाच ते सांगता येत नाही, तिथे बाकीची कागदपत्रे वाचण्यात फार वेळ घालवू नका, थेट खड्ड्यात उतरा.

खड्ड्यात काय मोजायचे ते १९६१ च्या धातुखाण विनियमांनी स्पष्ट केलेले आहे. कठीण खडकात पायऱ्या, ज्यांना खाणीवर बेंच म्हणतात, त्यांची उंची ६ मीटरपेक्षा जास्त नसावी. वरच्या मातीच्या थरात उतार ४५ अंशांहून अधिक नसावा किंवा दीड मीटर उंचीच्या पायऱ्या असाव्यात. पट्ट्याच्या हद्दीपासून ७.५ मीटरची पट्टी अखंड राहावी, आणि सार्वजनिक रस्ता, रेल्वे किंवा दुसऱ्याच्या इमारतीपासून ४५ मीटरच्या आत परवानगीविना काम होऊ नये. दख्खनच्या पठारावर काम करताना यात एक गोष्ट डोळ्यांनी पाहण्याची सवय लावून घ्यावी. आपला पाषाण लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे आणि दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीचा, गेरूसारखा मऊ पट्टा असतो. उन्हाळ्यात तो विटेसारखा कडक दिसतो, पावसात मात्र फुगतो, सुटतो आणि वरच्या थराचा आधार काढून घेतो. वरच्या थरात उभ्या भेगा असतील, तर खोलीएवढी शिळा काहीही सूचना न देता सुटते. असा तांबडा पट्टा कड्याच्या मध्यावर दिसला आणि त्याखाली पोकलेन पायथा पोखरत असेल, तर ६ मीटरच्या मर्यादेचा हिशेब नंतर करावा, आधी माणसे बाजूला घ्यावीत.

आता नोंदीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण प्रकरणे टिकतात किंवा पडतात ती इथे. एका जिल्ह्यात मी एक खाण बंद करण्याचा आदेश काढला होता. कारण पुरेसे गंभीर होते, परंतु माझ्या नोटिशीत ‘अटी व शर्तींचा भंग झाल्याचे निदर्शनास आले’ एवढेच वाक्य होते. कोणती अट, कोठे, किती प्रमाणात, हे मी लिहिलेले नव्हते. अपिलात आदेशाला स्थगिती मिळाली आणि ती योग्यच होती, कारण ज्याच्यावर आरोप आहे त्याला नेमके कशाचे उत्तर द्यायचे हेच कळत नसेल, तर त्या सुनावणीला अर्थ राहत नाही. पुढच्या वेळी पंचनाम्यात मी असे लिहिले: पूर्वेकडील कड्याची उंची तळापासून १४ मीटर आहे, मध्ये एकही पायरी नाही; मंजूर आराखड्याप्रमाणे पायरीची कमाल उंची ६ मीटर आहे; ईशान्येकडील हद्दीच्या खांबापासून खोदाईची कड २ मीटरवर आली आहे, ती ७.५ मीटरवर थांबणे आवश्यक होते. पाहणीच्या वेळी कड्याच्या पायथ्याशी सहा माणसे व एक यंत्र काम करत होते. प्रत्येक वाक्यापुढे अटीचा क्रमांक, छायाचित्र आणि अक्षांश-रेखांश जोडले. पट्टेदाराच्या प्रतिनिधीची सही घेतली; प्रतिनिधी सही करण्यास नकार देतो तेव्हा तसे पंचांसमक्ष नोंदवावे. या नोंदीला अपिलाच्या कोणत्याही टप्प्यावर धक्का लागला नाही.

त्याच प्रकरणात मी दुसरीही चूक सुधारली. संपूर्ण खाण बंद करण्याऐवजी फक्त पूर्वेकडील कड्यावरचे काम थांबवले, वरून खाली पायऱ्या पाडण्यासाठी एकवीस दिवस दिले आणि पश्चिमेकडील सुरक्षित भागात काम चालू ठेवू दिले. काहींना हे मवाळ वाटले. पण पूर्ण बंदी घातली की रस्त्याच्या ठेकेदारापासून रोजगार बुडालेल्या मजुरापर्यंत सर्व जण आपल्या विरोधात उभे राहतात, चार दिवसांत स्थगिती येते आणि कडा तसाच राहतो. भाग थांबवला तर पट्टेदाराचे उत्पन्न पूर्ण बुडत नाही, आणि तो भाग पुन्हा सुरू होण्याची किल्ली त्याच्याच हातात राहते. एकवीस दिवसांनी मी स्वतः टेप घेऊन गेलो तेव्हा तिथे दोन पायऱ्या तयार होत्या. मुदत देऊन आपणच फेरपाहणीला गेलो नाही, तर त्या जिल्ह्यातील प्रत्येक पट्टेदाराला आपल्या मुदतीची किंमत कळते, म्हणून जेवढ्या फेरपाहण्या आपल्याच्याने होतील तेवढ्याच मुदती द्याव्यात.

मात्र जिथे माणसे प्रत्यक्ष धोक्यात आहेत, तिथे मुदत द्यायची नसते. धोका दूर होईपर्यंत त्या ठिकाणी माणसे लावण्यास मनाई करण्याचा अधिकार खाण सुरक्षा निरीक्षकांना आहे, आणि आपण पंचनामा व छायाचित्रे त्याच दिवशी त्यांच्याकडे पाठवली तर तो वापरला जातो. जिल्ह्यातच उपलब्ध असलेला, पण फारसा न वापरला जाणारा एक अधिकार उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३, यात सार्वजनिक वाटेलगतच्या खोदाईला कुंपण घालण्याचा आणि लोकांच्या आरोग्यास अपायकारक व्यवसाय थांबवण्याचा किंवा नियंत्रित करण्याचा सशर्त आदेश काढता येतो. शाळेच्या वाटेवर उघडा खड्डा असेल, तर गौण खनिज नियमांखाली पत्रव्यवहार करत बसण्यापेक्षा हा मार्ग जवळचा आहे.

घरांना तडे जाण्याच्या तक्रारीत दोन्ही बाजू खात्रीने बोलतात आणि कोणाकडेच मोजमाप नसते. महासंचालनालयाच्या १९९७ च्या तांत्रिक परिपत्रकाने कंपनाची मर्यादा ठरवून दिली आहे. पट्टेदाराच्या मालकीची नसलेली राहती घरे, यात कच्ची घरेही आली, यांच्यासाठी कंपनाची वारंवारिता ८ हर्ट्झपेक्षा कमी असताना जमिनीच्या कणांचा कमाल वेग सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यापुढे १५ मिलिमीटर. जुन्या व नाजूक वास्तूंसाठी हेच आकडे २, ५ आणि १० आहेत. हे यंत्राने मोजता येते आणि त्याचा खर्च पट्टेदारावर टाकता येतो. कंपन मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: घराचे अंतर आणि एका वेळी उडणाऱ्या स्फोटकांचे वजन. अंतर बदलता येत नाही, वजन मात्र विलंबक, म्हणजे प्रत्येक छिद्र क्षणभराच्या अंतराने उडवणारे डिटोनेटर, वापरून छिद्रागणिक वाटून देता येते, म्हणून ‘सुरुंग बंद करा’ या मागणीऐवजी ‘एका विलंबाला इतकेच किलो’ ही अट घालणे शहाणपणाचे असते. दगड उडण्याचे कारण वेगळे असते. छिद्राचे तोंड खडीच्या बारीक कचाने नीट बुजवलेले नसते, किंवा मोठे धोंडे फोडण्यासाठी त्यांच्यावर पुन्हा लहान सुरुंग लावले जातात. दुसऱ्या प्रकाराला मी माझ्या क्षेत्रात परवानगीच देत नसे. धोंडे ब्रेकरने फोडावेत. ‘स्फोट ठेकेदार करतो, आम्हाला माहीत नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नये, कारण खाणीतील सुरुंगाची जबाबदारी खाणमालक व व्यवस्थापक यांचीच राहते. गावकऱ्यांना मी एक साधी विनंती करत असे: स्फोटाची तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा. ही वही आणि खाणीवरील सुरुंगांची नोंदवही शेजारी शेजारी ठेवली की न नोंदवलेले स्फोट लगेच दिसतात, आणि न नोंदवलेली स्फोटके कोठून आली हा प्रश्न मग स्फोटकांच्या परवान्यापर्यंत जातो.

धुळीबाबत नियम सोपा आहे आणि पळवाटाही ठरलेल्या आहेत. खडी क्रशरच्या यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर हवेतील धूलिकणांचे प्रमाण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. शिवाय धूळरोधक आच्छादन, पाण्याचे फवारे, वारा अडवणारी भिंत, आवारातील पक्के रस्ते आणि झाडांचा पट्टा या गोष्टी असाव्यात. नमुना घेण्याच्या दिवशी फवारे चालतातच. म्हणून मी नमुन्यापेक्षा पाण्याचा हिशेब पाहत असे: पंप किती तास चालला, टँकर किती आले, नोझल किती बुजलेली आहेत. हा विषय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आहे हे खरे, पण संमतिपत्राच्या अटींसाठी मंडळ बँक हमी घेते, आणि आपल्या पाहणीचा अहवाल त्यांच्या हाती असला तर ती हमी जप्त करणे त्यांना सोपे जाते. पर्यावरण मंजुरीच्या अटींचा अर्धवार्षिक अनुपालन अहवाल १ जून व १ डिसेंबरला देणे बंधनकारक आहे. तो मागवून प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहावा. पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखालील दंडाचे स्वरूप २०२४ पासून बदलले आहे. आता न्यायनिर्णय अधिकारी १० हजारांपासून १५ लाख रुपयांपर्यंत शास्ती बसवू शकतात, त्यामुळे खोट्या अहवालाकडे दुर्लक्ष करण्याचे कारण उरलेले नाही.

या सर्व खात्यांच्या पाहण्या वेगवेगळ्या दिवशी होतात, आणि प्रत्येकाला ‘हे आमच्या अखत्यारीत नाही’ असे म्हणता येते. यावर मला उपयोगी पडलेला एकच उपाय म्हणजे वर्षातून दोनदा एकाच दिवशी, पूर्वसूचना न देता, महसूल, खनिकर्म, मंडळ आणि शक्य असेल तर खाण सुरक्षा निरीक्षक यांची संयुक्त पाहणी आणि जागेवरच लिहिलेला एकच अहवाल. त्यावर चार सह्या असतात, त्यामुळे जबाबदारी ढकलण्यास जागा राहत नाही. ग्रामपंचायतीला त्याची प्रत द्यावी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय पीठाकडे जाण्याची वेळ गावावर आली, तर कलम १४ खालील अर्जाला मूळतः सहा महिन्यांची मुदत असते, आणि तारखेसह असलेला असा अहवाल त्यांच्या फार कामी येतो.

एका वाईट सवयीकडे विशेष लक्ष द्यावे, ती म्हणजे पट्ट्याचे तुकडे पाडण्याची. हरियाणातील अशाच तुकड्यांच्या लिलावांवरून सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी ५ हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली, आणि १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने ५०० मीटरच्या आत असलेल्या एकाच खनिजाच्या पट्ट्यांचा समूह म्हणून एकत्र विचार करण्यास सांगितले. तरीही एकाच डोंगराच्या चार गटांत चार नातेवाइकांच्या नावे चार पट्टे, किंवा एकाच गटात एकामागून एक तात्पुरते परवाने, असे प्रकार आपल्याला भेटतील. प्रत्येक जण आपल्यापुरता नियमात असतो आणि डोंगर मात्र कोणाच्याच आराखड्यात पूर्ण दिसत नाही. नवा परवाना देण्याआधी सर्व गटांचा एकत्रित नकाशा काढून पाहिला नाही, तर अंमलबजावणीची लढाई आपण त्या दिवशीच हरलेलो असतो.

वेळच्या वेळी अटी पाळून घेतल्या नाहीत तर काय होते, हे गोव्याने आपल्याला दाखवले आहे. तिथे लोहखनिजाच्या खाणींनी पट्ट्याबाहेर मातीचे डोंगर रचले, डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील शेतांत आणि ओहोळांत गाळ उतरला, आणि वर्षानुवर्षे प्रत्येक भंग सुटा सुटा मानून पुढे ढकलला गेला. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा अहवाल आल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने पट्टे २००७ मध्येच संपल्याचे सांगितले, पट्ट्याबाहेर माती टाकण्यास मनाई केली आणि वर्षाला २ कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. न्यायालयाने जे करणे भाग होते ते केले, पण त्याची झळ ट्रकमालक, बार्जवरचे कामगार आणि गॅरेजवाले यांनाही बसली, ज्यांच्या हातात एकाही अटीचे पालन नव्हते. एका कड्यावरचे काम एकवीस दिवस थांबवण्याचा अप्रियपणा आपण आज टाळला, तर उद्या अशाच लोकांचा रोजगार पणाला लागतो, म्हणून मी हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

मजुरांविषयी दोन गोष्टी. दगडखाणीवर पिढ्यान्‌पिढ्या वडार समाजातील आणि आता अन्य राज्यांतून आलेली कुटुंबे राबतात. मजुरी अनेकदा ब्रासवर किंवा ट्रॅक्टरच्या खेपेवर ठरते, म्हणून हेल्मेट घालणे, कड्यापासून दूर राहणे, सुरुंगानंतर थांबणे, या सर्वांचा अर्थ त्यांच्यासाठी कमी कमाई असा होतो. सुरुंगानंतर प्रतीक्षेचा वेळ आणि कडा झाडून सैल दगड काढण्याचे काम हे मजुरीत धरल्याखेरीज सुरक्षेचे नियम मजुराकडून पाळले जाणार नाहीत, आणि पट्टेदाराशी हे बोलण्याचा नैतिक अधिकार आपल्याला आहे. दुसरे, मजुरांच्या छातीची तपासणी कोणत्या खाणीवर आधी लावायची याचा क्रम खडकावरून ठरवावा. काळ्या पाषाणात मुक्त सिलिका कमी असते, तरी त्याची धूळ निरुपद्रवी नसते. सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरातील सिलिका वाळूत, तसेच पूर्व विदर्भातील क्वार्ट्झाइट किंवा ग्रॅनाइटच्या खाणींत मात्र सिलिकोसिसचा, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या रोगाचा, धोका कितीतरी अधिक आहे आणि तिथे एकही वर्ष वाया घालवू नये.

शेवटी संपलेल्या खड्ड्यांविषयी. पट्टा संपला, दगड संपला, पट्टेदार दुसरीकडे गेला आणि पावसाळ्यात खड्डा भरला, हे चित्र आपल्या क्षेत्रातही असेलच. माझ्या सेवेत अशाच एका खड्ड्यात दोन मुले बुडाली. त्या खड्ड्याला कुंपण घालण्याची अट मूळ मंजुरीत होती, पट्टा दोन वर्षांपूर्वी संपलेला होता आणि अनामत रक्कम परत दिल्याची नोंद आमच्याच फाईलमध्ये होती. त्यानंतर मी खाण चालू असतानाच, दर वर्षी, संपलेल्या भागाचे कुंपण, उतार आणि भराव पूर्ण झाल्याचा नकाशा मागू लागलो. तो आल्याशिवाय पुढच्या वर्षाचा वाहतूक पास उघडत नसे, आणि अनामत रक्कम सोडण्याआधी स्वतः खड्ड्याभोवती पायी फिरून येत असे. आपल्या चाळीस खाणींची यादी घेऊन मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात निघा, जिथे पाणी साचणार आहे अशा प्रत्येक खड्ड्याची कड पायी फिरून पाहा, आणि जिथे कुंपण नाही तिथला अहवाल त्याच संध्याकाळी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवा.